घरचा पाना, नळाचे दुखणे



आपल्याकडचा माणूस हात बांधून बसत नाही. नांगराचा फाळ, मोटारीचा स्टार्टर, गोठ्याचा पत्रा, जे बिघडेल ते आधी घरच्या घरी करून बघायचे, नाहीच जमले तर कारागीर. यात वावगे काही नाही. तालुक्याच्या गावचा प्लंबर एका तोटीसाठी वस्तीवर येत नाही, आणि आला तर गाडीभाडे आधी सांगतो. तेव्हा घरात एक पाना, एक हेक्सा आणि सोल्युशनचा डबा असतो, आणि घरातला कुणीतरी दादा त्याचा मालक असतो.

पण सातारा-सांगलीकडच्या घरभेटींत जे नळकाम पाहायला मिळते, त्यातले निम्मे वेळेपुरते केलेले आणि कायमचे राहून गेलेले असते. आपल्या भागाला घरभेटीची सवय जुनी आहे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले, आणि गावोगावच्या समित्या दारादारांत जाऊन मोरी, शोषखड्डा, संडास पाहू लागल्या. पुढे २०१९ साली जल जीवन मिशन आले आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने द्यायचे ठरले. दारात नळ आला ही मोठी गोष्ट झाली. आता दारातला नळ नीट ठेवणे हे आपले काम. म्हणून आज शेतातले थोडे बाजूला ठेवून मोरीपासून गोठ्यापर्यंत एक फेरी मारू.

पहिले दुखणे : ट्यूबची पट्टी

पाइपाला चीर पडली की सायकलची ट्यूब कापायची, ताणून गुंडाळायची, वरून तार आवळायची. पाणी थांबते. घरधनी समाधानी होतो. पाइप जमिनीवर असेल आणि पट्टी दोन दिवसांसाठी असेल, तर हरकत नाही. पण हीच पट्टी गटारीच्या कडेला, मातीत गाडलेल्या लाइनवर बांधली, की खरा धोका सुरू होतो.

कसा, ते नीट समजून घ्या. लाइनमध्ये पाणी सुरू असते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. पाणी आतून बाहेर ठिबकते, घाण आत येत नाही. पण आपल्या गावात पाणी दिवसातून तासभर येते. पाणी बंद झाले की उंचावरच्या घरांच्या पाइपातले पाणी खालच्या आळीकडे उतरते, आणि वरचा पाइप रिकामा होताना आत ओढ लागते. त्या वेळी ट्यूबच्या फटीतून भोवतालचे साचलेले पाणी आत जाते. म्हणजे ज्या फटीतून सकाळी स्वच्छ पाणी बाहेर जाते, त्याच फटीतून दुपारी गटार आत येते. दुसऱ्या दिवशी पहिली कळशी गढूळ येते आणि आपण म्हणतो, "वरूनच तसे आले असेल."

शेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती. ती पाण्यातूनच पसरली होती. साथ आली की आपण पंचायतीला बोल लावतो, आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. पण आपल्या दारातली तीन हात लाइन आपलीच असते.

कराडला लागून असलेल्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि घरोघर मीटर ही पद्धत आणली. तिचे कौतुक झाले ते मुबलक पाण्यासाठी आणि वाचलेल्या पाण्यासाठी. पण तिच्यात आरोग्याचीही एक गोष्ट आहे. लाइन कायम भरलेली राहिली, तर बाहेरची घाण आत ओढली जायला वावच राहत नाही. आपल्या गावी चोवीस तास पाणी येईपर्यंत सांधा पक्का करणे हाच उपाय. चीर पडलेला तुकडा कापून काढा, नवा तुकडा कपलिंगने बसवा, आणि लाइन गटारीच्या खालून गेली असेल तर ती तिथून हलवा.

याच लाइनला थेट मोटार लावून पाणी ओढणारी मंडळीही आहेत. मोटार नुसते पाणीच नाही, साऱ्या आळीच्या फटींतली घाणही ओढते. आपल्या हौदात पाणी जास्त येते, आणि त्याबरोबर शेजाऱ्याच्या गटारीचा वाटाही येतो. मोटार लावायचीच असेल तर आधी नळाचे पाणी जमिनीतल्या हौदात पडू द्या आणि हौदातून वर चढवा.

दुसरे दुखणे : पेटवून केलेले सॉकेट

शेतात आपण पीव्हीसी पाइपाचे टोक पाचटाच्या जाळावर धरतो, मऊ झाले की दुसऱ्या पाइपावर रेटतो. पाटाच्या पाण्याला ते चालून जाते. घराच्या लाइनला चालत नाही. जाळावर पाइप एका बाजूला करपतो, फुगवलेल्या जागी त्याची जाडी कमी होते आणि तिथेच पुढे तडकतो. त्या धुराने घसा आणि डोळे चुरचुरतात, तो धूर विषारी असतो. कपलिंगला पैसे फार पडत नाहीत, ते आणा.

पाइपाचा दाबही बघून घ्या. पाइपावर किलोचा आकडा छापलेला असतो : अडीच, चार, सहा, आठ, दहा. हिशोब सोपा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो. स्लॅबवरची टाकी तोटीपासून तीन-चार मीटर उंच असते, म्हणजे अर्धा किलोही दाब नाही. तिथे कोणताही पाइप टिकतो. पण साठ मीटर उचलणाऱ्या मोटारीच्या डिलिव्हरीला शेतातला उरलेला चार किलोचा तुकडा जोडला, तर तो आज ना उद्या फुटणार. वायरिंगचा पाइप पाण्याला वापरलेलाही अनेक घरांत दिसतो. तो पाण्याच्या दाबासाठी केलेलाच नसतो. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपावर आयएस ४९८५ हा आकडा छापलेला असतो. तो बघूनच घ्या.

सोल्युशन लावण्याचीही रीत आहे. टोक सरळ कापा, कापलेली कड घासून गुळगुळीत करा. पाइप कोरडा आणि स्वच्छ हवा. किती आत जाणार तिथे खूण करा. सोल्युशन पाइपाला आणि फिटिंगला, दोन्हींना पातळ लावा. आत रेटताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. मग घाई करू नका. दाबाच्या लाइनला एक दिवस सुकू द्यावे. आपल्याकडे सांधा जोडला की पोरगे लगेच ओरडते, "चालू करा मोटार!" आणि सांधा सुटला की दोष सोल्युशनला!

तिसरे दुखणे : काळी माती आणि खारे पाणी

कृष्णाकाठच्या काळ्या रानातल्या घरांना एक वेगळाच त्रास असतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्याबरोबर पाइपही ओढला जातो आणि सांधा निखळतो. दरवर्षी त्याच जागी गळत असेल तर सोल्युशन वाढवून उपयोग नाही. चर थोडा रुंद घ्या, पाइपाखाली-वर वाळू किंवा मुरूम टाका, म्हणजे माती हलली तरी पाइप हलणार नाही. वाळवा, पलूस, मिरजेकडच्या क्षारपड जमिनीत लोखंडी पाइप बाहेरून खाल्ला जातो, तिथे गाडण्याच्या लाइनला प्लॅस्टिकचा पाइपच बरा.

जत, आटपाडी, माण, खटावकडे बोअरचे पाणी बहुधा जड. तिथे तोटीत खडू साचतो, वॉशर बसत नाही, आणि आपण तोटी अधिकाधिक आवळत जातो. आवळून आटे जातात, गळती जात नाही. तोटी खोला, आतला खडू व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून काढा, नवा वॉशर टाका. एवढे केले की तोटी पुन्हा चांगली चालते.

थेंबाला थेंब म्हणून सोडू नका. गळत्या तोटीखाली तांब्या ठेवा आणि घड्याळ बघा. तासाला एक लिटर भरले तर दिवसाला २४ लिटर, आणि वर्षाला ८,७६० लिटर. माणशी ५५ लिटरच्या हिशोबात हे जवळजवळ अर्ध्या माणसाचे पाणी झाले. ज्या तालुक्यांनी टँकरमागे धावत उन्हाळे काढले, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

चौथे दुखणे : तोटीला मुंग्या

हे वाचून पुढे जाऊ नका, आज संध्याकाळीच बघा. जुन्या घरांत विजेच्या अर्थिंगची तार लोखंडी नळाला बांधलेली असे. नळ जमिनीत दूरवर गेलेला, म्हणून काम भागत होते. पुढे तो नळ गंजला आणि घरातल्या दादाने मधला तुकडा कापून तिथे पीव्हीसी बसवला. पाण्याच्या दृष्टीने काम चोख झाले. पण प्लॅस्टिकमधून वीज जमिनीत उतरत नाही. अर्थिंगची तार आता कुठेच पोचत नाही. उद्या मोटारीत किंवा हिटरमध्ये वीज उतरली, की तीच तार ती वीज मोरीतल्या लोखंडी तोटीपर्यंत आणून सोडते.

ओल्या पायाने तोटी धरताना हाताला मुंग्या आल्यासारखे वाटले, तर "सर्दावले असेल" म्हणून सोडू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंगला स्वतंत्र खड्डा हवा, नळ नको. आणि वीज गळताच आपोआप बंद होणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात बसवून घ्या. म्हशीच्या एका महिन्याच्या दुधापेक्षा तो महाग नाही.

पाचवे दुखणे : सोलरचा बंद केलेला पाइप

गावोगाव स्लॅबवर सोलर बंब आले, चुलीचे जळण वाचले. पण सोलरच्या टाकीवर एक उघडा उभा पाइप असतो, त्यातून कधी वाफ येते, कधी पाणी सांडते. "पाणी वाया जाते" म्हणून त्यात लाकडाची खुंटी किंवा चिंधी ठोकलेली दिसते. तो हवेचा पाइप आहे. तो बुजवला की पाणी तापून टाकी फुगते, आणि पाणी काढताना आत हवा न गेल्याने चेपते. वाफेने टाकी फुटली तर खाली अंगणात कोण असेल ते सांगता येत नाही. सांडणे थांबवायचे असेल तर पाइपाची उंची गार पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा वर न्या, तोंड मात्र उघडेच ठेवा.

आणि सोलरच्या गरम पाण्याला साधा पीव्हीसी लावू नका. ४५ अंशांच्या वर तो नरम पडतो, लोंबतो, सांधा सोडतो. कढत पाणी लहान मुलाच्या अंगावर पडायला एक सांधा पुरतो. तिथे सीपीव्हीसी किंवा लोखंडीच पाइप हवा.

सहावे दुखणे : खताचे पिंप आणि गुरांची दावण

आता जे सांगतो ते ठिबकवाल्या प्रत्येक घरासाठी आहे. वाळवा तालुक्यातल्या एका वस्तीवर एके सकाळी दोन गाई पाणी पिऊन अर्ध्या-पाऊण तासात थरथरू लागल्या. पोट फुगले, तोंडाला फेस आला. एक गाय गेली. दुसरीला पशुवैद्य वेळेवर पोचल्याने वाचवता आले. घरात रडारड आणि मग राग. बांधावरून चुलतभावाशी वर्षभर वाद चाललेला. साऱ्यांच्या मनात एकच नाव आले. तरणी पोरे काठ्या शोधू लागली, थोरले पोलीस ठाण्यात जायला निघाले.

पशुवैद्यांना लक्षणे युरियाची वाटली. त्यांनी विचारले, "गुरांना पाणी कुठून येते?" मग सगळे पाइपाच्या मागे मागे गेले. बोअरच्या एकाच लाइनवरून उसाचे ठिबक, गोठ्याचा हौद आणि घराची टाकी अशा तीन वाटा टी लावून काढलेल्या. ठिबकला युरिया सोडायचे पिंप उंच कट्ट्यावर. लाइनवर एनआरव्ही होता, पण "पाणी कमी येते" म्हणून धाकट्याने तो काढून सरळ तुकडा बसवला होता. आदल्या रात्री खत सुरू असतानाच लाइट गेली. मोटार थांबली, लाइन उतरू लागली, आणि पिंपातला युरिया खालच्या बाजूला, म्हणजे उघड्या कॉकमधून गोठ्याच्या हौदात उतरला. घराच्या टाकीचा कॉक त्या रात्री बंद होता. तो उघडा असता तर सकाळी तेच पाणी चहाला, लेकरांच्या तांब्याला गेले असते.

बांधाचा वाद तिथे आजही आहे. पण विषाचा आळ त्या चुलतभावावरून गेला, आणि दोन घरांत मारामारी व्हायची टळली. हे सगळे काढून टाकलेल्या एका एनआरव्हीमुळे.

म्हणून नियम लक्षात ठेवा. खताचे पिंप असलेल्या लाइनवरून पिण्याचे पाणी, माणसाचे असो की गुराचे, घेऊच नका. स्वतंत्र लाइन टाका. तोवर निदान पिंपाच्या अलीकडे चांगला एनआरव्ही, आणि गोठ्याच्या हौदात पाणी वरून पडेल असे करा. पाइपाचे तोंड पाण्यात बुडालेले नको, हौदाच्या काठापेक्षा चार बोटे उंच हवे. फवारणीचे पिंप भरतानाही हाच नियम. नळी औषधात बुडवून ठेवायची नाही. अडचण अशी, की ही चूक नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही. बोअरमध्ये खत परत उतरत राहिले तर नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेल्या पाण्यात दूध कालवून तान्ह्याला पाजले, तर ते बाळ निळे पडू शकते.

जनावराला युरियाची बाधा झाल्याचा संशय आला, तर आधी पशुवैद्याला फोन करा आणि त्या हौदाचे पाणी ताबडतोब सोडून द्या. घरात व्हिनेगर असेल तर पाजायचे की नाही, किती पाजायचे, ते डॉक्टरांना फोनवरच विचारा. अंदाजाने तोंडात ओतू नका. ठसका लागून श्वासनलिकेत गेले तर त्यानेच जनावर जाते.

सातवे दुखणे : संडासाचे दोन्ही खड्डे सुरू

दोन खड्ड्यांच्या संडासात मध्ये एक छोटे चेंबर असते. त्यातून एका वेळी एकाच खड्ड्याकडे वाट हवी. एक भरला की तो बंद करायचा, दुसरा सुरू करायचा. वर्ष-दोन वर्षांत पहिल्याचे सोनखत होते. पण "लवकर भरू नये" म्हणून दोन्ही वाटा मोकळ्या केलेल्या दिसतात. मग दोन्ही एकदमच भरतात आणि एकही खड्डा मुरत नाही. त्यातच मोरीचे साबणाचे पाणी सोडले, की मुरण्याचे काम थांबते. मोरीचे पाणी परसबागेतल्या केळीला किंवा शोषखड्ड्याला द्या. आणि विहीर, बोअर, हातपंप यांपासून खड्डा निदान ५० फूट लांब असू द्या.

मग घरच्या पान्याने काय करायचे?

तोटीचा वॉशर बदलणे, टेफ्लॉन टेप गुंडाळणे, वरच्या पाइपाचा तुकडा बदलणे, हौद धुणे ही कामे घरी करा, पोरा-पोरींना शिकवा. टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा, उलटी गुंडाळलेली टेप आवळताना निघून येते. लोखंडी आट्यांना लावायचा सफेदा शिशाचाही असतो, पिण्याच्या लाइनला तो लावू नका. मात्र विजेशी, सोलरशी, खताच्या पिंपाशी आणि गटारीखालच्या लाइनशी आलेले काम जाणत्याकडूनच करून घ्या. त्याचे पैसे दवाखान्याच्या पैशांपेक्षा कमीच होतात. चार घरांनी मिळून एकाच दिवशी प्लंबरला बोलावले, तर तो येतोही आणि गाडीभाडे वाटलेही जाते.

दुरुस्ती झाली की पहिले पाणी सोडून द्या. टाकी घासून भरा, आणि हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशोबाने टीसीएल पावडर बादलीत कालवा. चुना खाली बसू द्या, वरचे निवळ टाकीत ओता, अर्ध्या तासाने पाणी वापरा. पावडर आणि तपासणीसाठी गावच्या जलसुरक्षकाला विचारा. पाणी तपासण्याचे किट बहुतेक ग्रामपंचायतींकडे आलेले आहे आणि ते चालवायला गावातल्याच बायकांना शिकवलेले आहे. ते कपाटात ठेवू देऊ नका.

येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून एक फेरी मारा. कुठे ट्यूब गुंडाळलेली आहे? अर्थिंगची तार कुठे बांधलेली आहे? सोलरचा पाइप उघडा आहे का? पिंपाच्या अलीकडे एनआरव्ही आहे का? गोठ्याच्या नळीचे तोंड पाण्यात बुडते का? संडासाच्या चेंबरमध्ये एकच वाट सुरू आहे का? सहा प्रश्न, अर्धा तास. फेरी मारताना माउलीला पुढे घाला. पहिली कळशी कधी गढूळ येते, कोणती तोटी हाताला चावते, हे घरात सर्वांआधी तिला कळलेले असते. आपण विचारत नाही इतकेच.